एक दिवसाची मॅच नको, पंचेचाळीस रविवार द्या

कोल्हापुरातल्या एका पेठेतल्या, स्वतःचा फुटबॉल संघ असलेल्या तालीम मंडळाच्या कार्यकर्त्यानं मला विचारलं आहे: "यंदा मिरवणुकीचा खर्च कमी करून काही पैसे मागं राहिलेत. त्यातून मतिमंद मुलांसाठी एक दिवसाची फुटबॉल मॅच घ्यायची आणि जमेल तेवढा निधी गोळा करून त्यांच्या शाळेला द्यायचा, असं पोरांच्या मनात आहे. आमच्या गल्लीतला एक जण, तिशीचा असेल, आमच्या प्रत्येक मॅचला झेंडा घेऊन स्टेडियमवर येतो. त्याच्यावरनंच हे सुचलं. ही मुलं आमच्याबरोबर एकाच संघात खेळू शकतात का? कुणाला लागलं तर काय? आणि पैसे गोळा करायला परवानगी लागते का?"

विशेष शाळेत खेळ शिकवण्यात माझी बावीस वर्षं गेली. त्यातली पहिली सात-आठ वर्षं मी नेमक्या अशाच एक दिवसाच्या मॅचेस भरवत होतो. त्यामुळं सुरुवात तिथनंच करतो.

एक मॅच अजून डोळ्यांसमोरून जात नाही. वेळ दिली होती सकाळी नऊची, पाहुणे आले सव्वाअकराला. तोवर अठ्ठावीस खेळाडू एप्रिलच्या उन्हात सतरंजीवर बसलेले. मग नारळ, सत्कार, भाषणं. "देवाघरची फुलं" किती वेळा झालं ते मोजायचं मी सोडून दिलं. एका वक्त्यानं खाली उतरून ज्याचा गाल धरला आणि "बाळ, तुझं नाव काय?" म्हणून विचारलं, तो बाळ चौतीस वर्षांचा होता आणि घरच्या गिरणीवर रोज दळणाचे डबे उचलत होता. त्यानं नाव सांगितलं आणि वर विचारलं, "मॅच कधी?" मॅच झाली बारा मिनिटांची. सगळ्यांना सारखी पदकं, सारखे स्टीलचे डबे, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. त्यानंतर वर्षभर त्यातल्या एकाच्याही पायाला चेंडू लागला नाही. खर्च चाळीस हजारांच्या वर गेला होता, त्यातला निम्मा मांडव, साउंड आणि चौकातल्या डिजिटल फलकावर. भरवणारा मीच होतो, तेव्हा दोष दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. एकाच संघात खेळता येतं, आणि त्यासाठी काही नवीन शोधायला नको. १९६८ च्या जुलैत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या बहीण युनिस केनेडी श्रायव्हर यांनी शिकागोच्या सोल्जर फील्डवर पहिले स्पेशल ऑलिम्पिक्सचे, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्यांचे, खेळ घेतले. पुढं त्याच चळवळीत "युनिफाइड" म्हणून प्रकार आला: बौद्धिक अक्षमता असलेले खेळाडू आणि नसलेले जोडीदार, एकाच जर्सीत. फाइव्ह-अ-साइडला मैदानात तीन खेळाडू आणि दोन जोडीदार, सेव्हन-अ-साइडला चार आणि तीन. आपल्याकडं स्पेशल ऑलिम्पिक्स भारत ही संस्था हे काम बघते. आठ वर्षांपासून पुढं स्पर्धेत उतरता येतं आणि वरच्या बाजूला वयाची अट नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

इथं एक गोंधळ नेहमी होतो. आमच्या एका पोरीनं स्पर्धेत धावण्यात पदक आणलं तर गल्लीत डिजिटल लागलं, "पॅरालिम्पिक विजेती". दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. पॅरालिम्पिकमध्ये सगळ्यात वेगवान कोण एवढंच बघतात. तिथं बौद्धिक अक्षमता असलेल्यांना ॲथलेटिक्स, पोहणं आणि टेबल टेनिस हे तीनच खेळ उघडे आहेत, आणि ते दारही मधे बारा वर्षं बंद होतं. सन २००० मध्ये सिडनीला स्पेनच्या बास्केटबॉल संघानं सुवर्ण जिंकलं आणि नंतर उघड झालं की त्यांच्या बारापैकी दहा खेळाडूंना अक्षमता नव्हतीच. त्या लबाडीची शिक्षा जगभरातल्या खऱ्या खेळाडूंना झाली, थेट २०१२ च्या लंडनपर्यंत. २०२४ ला पॅरिसमध्ये तेलंगणाच्या दीप्ती जीवनजीनं चारशे मीटरमध्ये टी-२० या बौद्धिक अक्षमतेच्या गटात कांस्य आणलं, ते याच दारातून जाऊन.

स्पेशल ऑलिम्पिक्सची रीत निराळी. तिथं आधी चाचणी घेतात आणि साधारण सारख्या ताकदीच्यांचे गट पाडतात. एका गटातल्या पहिल्या आणि शेवटच्यात पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा, असा अंदाज धरतात. त्यामुळं हळू धावणारालाही खरी शर्यत मिळते, आणि हरणंही खरं मिळतं. चाचणीत मुद्दाम हळू पळून अंतिम फेरीत उसळी मारली तर खेळाडू बाद होऊ शकतो. पदकं वाटून टाकायचा खेळ नाही हा. तुमच्या कामाची रीत ही.

शब्दांचं एकदाच सांगतो. "मतिमंद" हा शब्द जुन्या शाळांच्या पाट्यांवर अजून आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर "बौद्धिक अक्षमता" किंवा "बौद्धिक दिव्यांग" म्हणतात. मैदानावर यातलं काहीच लागत नाही. "खेळाडू" म्हणा, नावानं हाक मारा. आणि "मुलं" म्हणायचं सोडा. विशेष शाळेत साधारण अठराव्या वर्षापर्यंत ठेवतात. त्यानंतर काही थोडे कार्यशाळेत जातात, बाकीचे घरी. टीव्ही, गॅलरी, जेवण, झोप. पंचविशीत वजन नव्वदवर गेलेली, जिना चढताना धापा टाकणारी आमची जुनी पोरं मी बघतो तेव्हा पोटात तुटतं. शाळेत हीच पोरं शंभर मीटर पळत होती. म्हणून निधी शाळेला द्यायचा हा विचारही पुन्हा एकदा करा. अनुदानित शाळेला निदान पगाराचा आधार असतो. अठरानंतर घरी बसलेल्यांना काहीच नसतं, आणि तुमच्या गल्लीतला झेंडेवाला त्यातलाच आहे.

जोडीदार निवडताना तुमचा सगळ्यात चांगला फॉरवर्ड घेऊ नका. आम्ही पहिल्यांदा तीच चूक केली. मोठ्या मंडळाकडून हंगाम गाजवलेला एक पोरगा हौसेनं आला, सहा गोल मारले, संघ जिंकला आणि आमच्या तिघांपैकी एकाला चेंडू मिळाला तो फक्त थ्रो आणायला. दुसऱ्या टोकाचे जोडीदारही तितकेच वाईट: चेंडू मुद्दाम सोडणारे, "मार मार, गोल मार" म्हणत गोलकीपरला बाजूला उभं करणारे. आपल्याला फसवतायत हे खेळाडूला कळतं. आमचा एक जण असा फुकटचा गोल झाल्यावर चेंडू उचलून मध्यावर घेऊन आला आणि म्हणाला, "परत." सगळ्यात चांगले जोडीदार मला मिळाले ते मंडळाच्या दुसऱ्या फळीत बसणारी पोरं, संघात जागा न मिळणारी. ती पास देतात, कारण त्यांनाही पास हवा असतो. शिवाय त्यांना दर रविवारी यायला वेळ असतो, ही साधी गोष्ट सगळ्यात मोठी.

आणि एक गंमत. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची मॅच असली की शाहू स्टेडियमवर कुणी कुठं बसायचं हे पेठेवरनं ठरतं, ते तुम्हाला मी काय सांगणार. आमच्या युनिफाइड संघात एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन मंडळांचे जोडीदार तीन वर्षं एकाच रंगाच्या बिबमध्ये (सरावाच्या बनियनमध्ये) खेळले. दोघांना बोलायला भाग पाडलं ते आमच्या राइट बॅकनं. त्याला दोघांचीही नावं मोठ्यानं हाक मारायला आवडायचं, आणि उत्तर मिळेपर्यंत तो थांबायचा नाही.

शिकवायचं कसं, हे मैदानावर एकदा बघितल्याशिवाय कळत नाही, तरी एक प्रसंग सांगतो. आमचा एक खेळाडू पहिल्या हाफमध्ये झकास खेळायचा आणि दुसऱ्या हाफमध्ये हमखास आपल्याच गोलात चेंडू मारायचा. पंचांना वाटायचं चेष्टा करतोय. जोडीदार ओरडायचे, "अरे तिकडं, तिकडं!" तो आणखी गोंधळायचा. आम्ही दोन महिने त्याला "बाजू बदलली" हे समजावत होतो. खडूनं काढून, हात धरून, तोंडी. एके रविवारी त्याची आई बांधावर बसून निवडायला आणलेली मेथी निवडत होती. ती म्हणाली, "सर, त्याला घरातला बल्बसुद्धा बटणावरनं कळत नाही, बटणाला लाल टिकली लावलीय, त्यावरनं कळतो." त्या दिवशी समोरच्या गोलच्या खांबाला लाल फडकं बांधलं. हाफ टाइमला फडकं सोडून दुसऱ्या टोकाला बांधायचं, आणि ते त्यानंच बांधायचं. त्यानंतर त्याचा आत्मघातकी गोल मला आठवत नाही. पुढं एका बाहेरच्या मॅचला पंच म्हणाले, फडकं नियमात बसत नाही. मग दोन्ही संघांच्या संमतीनं बाजू न बदलताच खेळलो. जगबुडी झाली नाही.

तेव्हा एका वेळी एकच सूचना. लांबलचक बोलण्यापेक्षा करून दाखवा. सूचना दिल्यावर मनात दहापर्यंत मोजा, उत्तर यायला वेळ लागतो. त्या दहा सेकंदांत दुसरी सूचना दिली की पहिलीही जाते. सरावाचा क्रम दर रविवारी तोच ठेवा: बूट, दोन फेऱ्या, जोडीनं पास, मॅच, केळं. क्रम बदलायचा असेल तर आदल्या दिवशी घरी फोन करून सांगा. आणि जे पळू शकत नाहीत त्यांच्यासाठी बोची करा. एक छोटा चेंडू आधी टाकायचा, मग दोन्ही बाजूंनी चार-चार मोठे चेंडू त्याच्या जवळ लोळवायचे. साठ फूट लांब आणि बारा फूट रुंद पट्टा पुरतो. लहानपणी गोट्या खेळलेल्या कुठल्याही काकांना नियम सांगावे लागत नाहीत. आमच्याकडं तर सकाळी फिरायला येणारे आजोबा आधी बघत उभे राहिले, मग वाद घालायला लागले, मग खेळायला.

लागलं तर काय, हा प्रश्न विचारलात ते बरं केलंत. बहुतेक जण विचारतच नाहीत. पडणं, खरचटणं हे तुमच्या मॅचला होतं तेवढंच. लक्ष द्यायचं ते वेगळ्याच गोष्टींकडं. डाउन सिंड्रोम असलेल्यांपैकी काहींच्या मानेतल्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो. त्यांनी हेडर मारायचा नाही, कोलांटी नाही, पाण्यात सूर मारणं नाही. म्हणून खेळायला घेण्याआधी डॉक्टरांकडून मान तपासून घ्या, त्यांना गरज वाटली तर एक्स-रे. चालण्यात अचानक फरक पडला, हातातली ताकद गेली, मान वाकडी राहायला लागली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर खेळ त्याच क्षणी बंद आणि सरळ दवाखाना. आम्ही सरसकट सगळ्यांनाच हेडर बंद केला आहे, लक्षात ठेवायला सोपं. डाउन सिंड्रोमच्या जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, त्यामुळं हृदयाचंही विचारा. फिटचा आजार असलेला खेळाडू खेळू शकतो, पण सकाळची गोळी घेतली का हे आईला विचारल्याशिवाय बूट घालायचे नाहीत. फिट आलीच तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात काही घालू नका. कांदा आणि चप्पल हुंगवणारे दोन-तीन जण प्रत्येक मैदानावर असतात, त्यांना प्रेमानं लांब ठेवा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.

तहान लागली हे अनेकांना सांगता येत नाही. तेव्हा पाणी विचारायचं नाही, दर पंधरा मिनिटांनी द्यायचंच. मार्चनंतर सराव सकाळी सातला सुरू, नऊच्या आत संपला पाहिजे.

आणखी एक गोष्ट, अवघड आहे पण बोललीच पाहिजे. यांच्यावर अत्याचार होण्याचा धोका जास्त असतो, आणि झाला तर सांगता येत नाही. कपडे बदलताना, स्वच्छतागृहात, रिक्षात एकटा कार्यकर्ता आणि एकटा खेळाडू असं कधीच नको. कायम दोन मोठी माणसं. मुलगी असेल तर त्यातली एक बाई. बाई जोडीदार मिळवा, नाहीतर वयात आल्यावर मुली सरावातनं एकेक करून गळतात. घरचे पाठवायचं बंद करतात आणि कारण सांगत नाहीत. अठराच्या आतल्यांना पॉक्सो (लैंगिक अत्याचारापासून बालकांच्या संरक्षणाचा) कायदा लागू आहे हे मंडळातल्या प्रत्येकाला पहिल्याच बैठकीत सांगा. वाईट वाटेल कुणाला, वाटू दे.

आता पैसे. तुमचा खरा प्रश्न हाच आहे आणि लोक चुकतात तेही इथंच.

आधी हिशेब मांडा, मग मागा. आमच्या बारा खेळाडू आणि आठ जोडीदारांच्या संघाचा एका वर्षाचा हिशेब देतो, आकडे जवळपासचे धरून. पाऊस, सणवार आणि यात्रा सोडून पंचेचाळीस रविवार मिळतात. सगळ्यात मोठा खर्च चेंडूचा नसतो, रिक्षाचा असतो. खेळाडू एकटा बसनं येऊ शकत नाही, आणि त्याला सोडायला येणाऱ्या वडिलांची त्या दिवसाची हजेरी बुडते. चार रिक्षा, जाऊन-येऊन अडीचशे, म्हणजे रविवारी एक हजार आणि वर्षाला ४५,०००. केळी, दूध, उकडलेली अंडी: वीस जणांना माणशी तीस, वर्षाला २७,०००. प्रशिक्षकाला रविवारी आठशे, ३६,०००. फुकट येणारा प्रशिक्षक चौथ्या रविवारी गायब होतो, हे अनुभवानं सांगतो. बूट आणि मोजे, बारा जणांचे १२,०००. चेंडू, बिब, मार्कर, दोन छोटे गोल, १४,०००. तपासणी, औषधपेटी, अपघात विमा, १०,०००. बेरीज १,४४,०००. भागिले पंचेचाळीस: एक रविवार ३,२०० रुपयांना.

हा शेवटचा आकडा सापडला आणि आमचं निधी मागणं बदललं. त्याआधी आम्ही "विशेष मुलांसाठी यथाशक्ती मदत करा" म्हणायचो आणि लोक यथाशक्ती शंभर रुपये देऊन सुटका करून घ्यायचे. आता वहीत पंचेचाळीस रविवार तारखांसह लिहितो आणि विचारतो, "यातला कुठला तुमचा?" गुजरीतल्या एका सराफानं वडिलांच्या स्मृतिदिनाच्या जवळचा घेतला. लक्ष्मीपुरीतल्या चार हमालांनी मिळून एक घेतला, आठशे-आठशे काढून. ते चौघं त्या रविवारी मैदानावर आले, उभं राहून मॅच बघितली आणि पंचाला दोनदा शिव्या घातल्या. मला तो सन्मान वाटला, कारण दया येणारा माणूस पंचाला शिव्या घालत नाही. ज्याचा रविवार असेल त्याला एकच विनंती: या आणि बघा. भाषण नाही, हार नाही, वाढदिवसाचा केक कापणं तर अजिबात नाही. दहाजण देतो म्हणून पैसे देतात, त्यातले तीन बघायला येतात आणि त्या तिघांतला एक पुढच्या वर्षी दोन रविवार घेतो.

कोल्हापूरला हे मागणं नवीन नाही. १९५२ ला हेलसिंकीला जायला खाशाबा जाधवांना पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार उभे केले. पदक आणल्यावर खाशाबांनी कुस्त्या लावून ते कर्ज फेडलं, ही गोष्ट आपल्याकडं अजून सांगतात. त्या मागणीत किती रुपये आणि कशाला हे स्पष्ट होतं, आणि घेणारा परत द्यायची ताकद असलेला खेळाडू होता. तुमच्या पोरांना पेठेत फिरायला पाठवाल तेव्हा ही गोष्ट सांगून पाठवा, करुणेचे फोटो देऊ नका.

पैशाऐवजी वस्तू आणि वेळ मागणं कोल्हापुरात जास्त चालतं. रिक्षा स्टॉपवर जाऊन बोला. सजवलेल्या रिक्षेवर जीव टाकणारी माणसं आहेत ही, महिन्यातला एक रविवार सहज देतात, आणि तुमच्या ४५,००० तले दहा-बारा हजार तिथंच वाचतात. शिवाय रिक्षावाले काका हळूहळू खेळाडूचे मित्र होतात, हा फायदा कुठल्या हिशेबात मांडणार? दूध, अंडी, केळी रोजच्या दुकानदाराकडून. टर्फवाल्याकडे सकाळी सात ते नऊ गिऱ्हाईक नसतं, अर्ध्या दरात देतो. पण नको ती वस्तू आली तर नाही म्हणायला शिका. एका दानशूर गृहस्थांनी आमच्या फुटबॉल संघाला दहा व्हीलचेअर देऊ केल्या होत्या. सगळे पळणारे! "घ्या हो, दिव्यांगच आहेत ना," असा त्यांचा आग्रह. शेवटी त्या जिथं लागणार होत्या तिथं पाठवायला लावल्या, आणि गृहस्थ आमच्यावर रुसले ते रुसलेच.

मोठा कार्यक्रम वर्षातनं एक करा, सराव सहा महिने चालल्यावर. अमेरिकेत स्पेशल ऑलिम्पिक्ससाठी लोक भर हिवाळ्यात गारठलेल्या तळ्यात उड्या मारून पैसे जमवतात. ते वाचून आमच्यातल्या एकाला जानेवारीत पंचगंगेत उडी मारायची कल्पना सुचली. पण पंचगंगेत भीती थंडीची नाही, घाण पाण्याची आहे, म्हणून बेत रद्द. तिथलाच दुसरा प्रकार इथं जास्त जमेल. १९८१ मध्ये कॅन्ससमधल्या विचिटा शहराच्या पोलीस प्रमुखांनी मशाल घेऊन धावायची प्रथा सुरू केली, आणि आता जगभर पोलीस खेळाडूंबरोबर धावून निधी जमवतात. रंकाळ्याभोवती सकाळी खेळाडू, जोडीदार, पोलीस आणि फिरायला येणारी मंडळी एकत्र धावली, तर नाव नोंदवायला शंभर-दोनशे रुपये कुणीही देतो. दुसरा मार्ग म्हणजे तुमच्या मंडळाच्या स्पर्धेत अंतिम सामन्याआधी वीस मिनिटांचा युनिफाइड सामना. गर्दी आयती असते. फक्त फटाके आणि कर्णे तेवढी वीस मिनिटं बंद ठेवायला लावा. आवाजानं कान झाकून खाली बसणारे दोघं-तिघं प्रत्येक संघात असतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. गणपतीच्या वर्गणीला धर्मादाय कार्यालयाची ४१-सी कलमाखालची परवानगी घेता, तसाच अर्ज इथंही करा. गणपतीच्या परवान्यावर हे पैसे गोळा करू नका. पैसे कार्यकर्त्याच्या फोनवरच्या क्यूआर कोडवर घ्यायचे नाहीत, कितीही विश्वासातला असो. संस्थेचं खातं, छापील पावती, दोन सह्या. मंडळाकडे करसवलतीची नोंदणी नसेल तर ती असलेल्या नोंदणीकृत संस्थेशी लेखी करार करून तिच्या नावानं घ्या. देणगीदार "८०-जी मिळेल का?" असं हमखास विचारतो. सांगा की दोन हजारांवरच्या रोख रकमेला ती सवलत नाही, आणि नवी कररचना घेतली असेल तर वैयक्तिक देणगीदाराला ती मिळतच नाही. आधी सांगितलं की मार्चमध्ये तोंड लपवावं लागत नाही. परदेशातल्या गाववाल्याकडून घेतानाही जपून. भारतीय पासपोर्ट असलेल्यानं स्वतःच्या कमाईतनं दिले तर चालतं. तिथलं नागरिकत्व घेतलेल्याचे पैसे परकीय देणगीत धरतात आणि त्याला वेगळी नोंदणी लागते.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांकडं "सीएसआर द्या" म्हणून जाऊ नका. समाजकामाला नफ्याचे दोन टक्के द्यायचं ते बंधन पाच कोटी नफा, हजार कोटी उलाढाल किंवा पाचशे कोटी नक्त मालमत्ता यातलं एक तरी असलेल्या कंपन्यांना. बहुतेक कारखानदार त्यात बसत नाहीत आणि शब्द ऐकूनच दार लावतात. त्यांना रविवार विका. चार कामगारांना जोडीदार म्हणून पाठवा म्हणा, ते पैशापेक्षा मोलाचं.

आणि हिशेब मंडळाच्या फलकावर लावा, जिथं दर सकाळी सुविचार आणि निधन वार्ता लिहिता तिथंच, खडूनं. जमा इतके, खर्च इतका, शिल्लक इतकी. पहिल्या वर्षी आमचे ७४० रुपये जुळत नव्हते. तेही लिहिलं: "७४० चा मेळ लागत नाही." दोन दिवसांनी अंडीवाला स्वतः बिल घेऊन आला.

पालकांना बांधावर बसायला चटई टाका आणि चहा द्या. यातनं काय निघेल ते तुम्हाला आज कळणार नाही. निरामय विमा योजनेत एक लाखापर्यंत उपचारखर्च मिळतो, अठरानंतर पालकत्वाचा कायदेशीर दाखला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडून घ्यावा लागतो, हे आमच्या निम्म्या घरांना त्या चटईवर दुसऱ्या आईकडून कळलं. मी बावीस वर्षांत जेवढी पत्रकं वाटली त्यातनं नाही कळलं.

शेवटी तुमच्या झेंडेवाल्याकडं येतो. तुम्ही लिहिलं नाहीत, पण स्टेडियमवर मी अशी दृश्यं पाहिली आहेत. गोल झाला की त्याला रिंगणात घेतात, नाचवतात, कुणीतरी मोबाइल काढतं आणि रात्री त्याचा व्हिडिओ फिरतो. तुमची पोरं करत असतील तर आधी ते थांबवा. मग त्याला विचारा, खेळणार का? त्याला, त्याच्या आईला नाही, आईला नंतर. नाही म्हणाला तर झेंडा त्याचाच, तो हिसकावायचा नाही. हो म्हणाला तर तुमच्या संघाचा पहिला खेळाडू तुम्हाला घरबसल्या मिळाला. उरलेले अकरा विशेष शाळांच्या जुन्या हजेरीपटांतून मिळतील. शाळांना विचारा, त्या पालकांशी बोलून देतात.

त्याच्या आईला फोन कराल तेव्हा गोळ्यांची वेळ, मानेचं आणि हृदयाचं हे विचारालच. बुटाचा नंबरही विचारा. आमच्या पहिल्या रविवारी तिघं जण वडिलांचे बूट घालून आले होते, आणि पहिल्या किकला चेंडूच्या आधी बूट गोलात गेला.